दिराचा चेहरा

रोग आला तेव्हा शेडमधल्या कोंबड्या जिवंतच पोत्यांत भरल्या आणि मागच्या खड्ड्यात ढकलल्या. त्यांच्यावर चुन्याच्या गोण्या फोडल्या, चुन्यावर माती ओढली. हे काम शेडवरच्या बायकांनीच केलं. ज्यांनी पिल्लं वाढवली त्यांनीच ती पुरावीत असा काही नियम नव्हता, पण दुसरं कोणी खड्ड्याजवळ फिरकायला तयार नव्हतं. पोती हलत होती. मुकादम नाकाला रुमाल लावून काठावर उभा होता आणि "हात चालवा, ऊन वाढतंय" एवढंच म्हणत होता. सुनेच्या मनगटावर ओला चुना उडाला आणि तिथली कातडी सोलून निघाली. पुढे कितीतरी दिवस भांडी घासताना ती जागा चुरचुरत राहिली, मग तिथे पांढरा डाग पडला.

या सुनेच्या घरात सासू, नवरा आणि ती. नवऱ्याला सगळे थोरला म्हणायचे. तो शेडवर कोंबड्यांचं खाद्य दळायचा आणि त्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्ध्यातून गेलं होतं. "बोट त्याच दिवशी कोंबड्यांनी खाल्लं, आणि ती कोंबडी पुढे कोणी खाल्ली देव जाणे," असं तो स्वतःच हसून सांगायचा. चौथा धाकटा दीर. तो वर्षातले बहुतेक महिने बोअरच्या गाडीवर असायचा, जमिनीला भोकं पाडत गावोगाव. सुनेला मूल झालं नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दीर शेंबडा होता, शाळेला दांड्या मारायचा. तिने त्याची मूठ आपल्या मुठीत धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. अक्षरं त्याला जेमतेमच आली, पण तिचा लळा लागला.

कोंबड्या पुरल्या त्याच आठवड्यात धाकटा आला. पावसाळ्याच्या तोंडावर बोअरच्या गाड्या थांबतात, तेव्हा तो यायचा. मोटरसायकल वळणावर दिसायच्या आधी त्याचा आवाज घरात आला.

"वहिनी! पाणी ठेव! दोघं आहोत!"

रात्रंदिवस यंत्राशेजारी उभं राहून त्याचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे तो साधं बोलला तरी भांडतोय असं वाटायचं. मागे त्याचा जोडीदार बसलेला. हा पलीकडच्या गावचा, म्हणजे नदीवरच्या पुलापलीकडचा. दोघं एकाच गाडीवर लोखंडी रॉड बदलायचे, एका ताटात जेवायचे. दोघंही डोक्यापासून पायापर्यंत दगडाच्या भुकटीने पांढरे झालेले.

"आधी तोंड धू, भावजी. भुतासारखा दिसतोयस."

"आधी फोटो काढ. धुतल्यावर मी तुमच्यासारखाच दिसतो, मग काय मजा?"

तिने दारात फोटो काढला. थोरल्याने भावाच्या खांद्यावर हात टाकला. धाकटा तोंड भरून हसला, पांढऱ्या चेहऱ्यात लाल हिरड्या दिसल्या. मग सगळे ओसरीवर बसले आणि धाकट्याने जोडीदाराच्या घराची टर उडवायला सुरुवात केली.

"याच्या मागच्या दाराची कडी लागत नाही, गेली चार वर्षं! शेळी रात्री ढुशी मारून आत येते आणि याच्या सासऱ्याच्या उशाशी झोपते. म्हातारा झोपेत तिच्या अंगावर हात फिरवतो!"

"बसवायची आहे रे कडी," जोडीदार म्हणाला. "तूच म्हणालास, मी येतो, मी बसवतो."

"दार कोणी रंगवलं? मी आणि यानेच. निळं. आकाश झक मारेल असं. पण कडी नाही!"

सासू तोंडाला पदर लावून हसत होती. पोरगा आला की घर भरतं, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

पाऊस संपल्यावर दोघं पुन्हा गाडीवर गेले. शेड रिकामी होती. थोरला दुसऱ्यांच्या बांधावर दगड रचायला जायचा, सून गवत कापायला. काम मिळेल त्या दिवशी चूल नीट पेटायची. मग एक दिवस मुकादम घरोघर फिरत आला. "शेड चालू होतेय," म्हणाला.

"पिल्लं आली?" सासूने विचारलं.

"पिल्लं नाहीत. फोन."

आधी कोणाला कळलं नाही. शेडमध्ये गेल्यावर कळलं. पिंजऱ्यांच्या रांगा तशाच होत्या, पण प्रत्येक खणात फोन उभे करून ठेवले होते आणि खालून वायरी लोंबत होत्या. जिथून पूर्वी पाणी यायचं तिथून आता वीज येत होती. मोठे पंखे तेच. खिडक्यांवरची ओली गोणपाटंही तीच, कारण फोनलाही ऊन सोसत नाही. दारातला पाय बुडवायचा औषधाचा हौदसुद्धा मुकादमाने भरून ठेवला होता. तो कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. कोंबड्यांच्या विष्ठेचा वास फरशीतून काही केल्या जात नव्हता.

काम सोपं होतं. प्रत्येकीकडे एक रांग. प्रत्येक फोनमध्ये एक माणूस, म्हणजे माणसाचं नाव, चेहरा, वय, आवडीनिवडी. सगळं खोटं. या खोट्या माणसांनी दिवसभर इंटरनेटवर हिंडायचं आणि शहरातला साहेब सांगेल त्याला अंगठा द्यायचा, सांगेल त्याला शिव्या घालायच्या. खाती चालवणाऱ्या कंपनीला संशय आला की ती खोटं खातं बंद करायची. त्याला मुकादम जुन्या सवयीने मेलं म्हणायचा. सकाळी आल्या आल्या त्याचा पहिला प्रश्न पूर्वीचाच असायचा.

"मर्तुक किती?"

"माझ्या रांगेत दोन गेले," कोणीतरी सांगायची.

"ताप आलेला फोन बाजूला काढा. फुगलेला बाहेर न्या. बाकीच्यांना चारा द्या." चारा म्हणजे चार्जिंग.

सुरुवातीचं काम लांबलांबच्या देशांचं होतं. कुठल्याशा देशातला एक पुढारी हात उडवत भाषण करायचा, त्याला अंगठा. दुसऱ्या दिवशी त्याच देशातला दुसरा पुढारी पहिल्याला चोर म्हणायचा, त्यालाही अंगठा. तोंडाला लावायच्या मलमाला अंगठा, बुटांना अंगठा. कुठे तरी एका कारखान्यातले लोक संपावर बसले होते, त्यांना आळशी म्हणायचं काम दोन दिवस चाललं. सुनेच्या शेजारच्या रांगेला काकू म्हणून एक जाड बाई होती. तिने एकदा विचारलं, "आपण दोघांनाही निवडून देतोय. मग येणार कोण?"

"ज्याने शेड भाड्याने घेतली तो," मुकादम म्हणाला. बायका हसल्या. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण दिवस लांब असायचा.

अडचण चेहऱ्यांची होती. साहेबाने पाठवलेले चेहरे इंटरनेटवरूनच उचललेले असायचे, ते लगेच ओळखू यायचे आणि मर्तुक वाढायची. मुकादमाचं डोकं चाललं. "घरचे चेहरे आणा," तो म्हणाला. "जे कधी कुठे टाकले नाहीत असे. ते मरत नाहीत."

बायकांनी घरचे चेहरे आणले. आणि आणताना त्या कोणते आणतील? ज्यांची आठवण येते तेच. काकूने आपला मेलेला बाप आणला. एकीने सासरी जाऊन पुन्हा न आलेली बहीण आणली. सुनेने आपली आई आणली आणि दुसऱ्या फोनवर धाकटा आणला, भुकटीने पांढरा झालेला, हसणारा. थोरल्याला तिने कापून काढलं. दिवसभर एवढ्या पिंजऱ्यांत उभं राहायचं, तर समोर आपलं माणूस हसताना दिसावं, एवढाच तिचा विचार. त्यात पाप काय होतं? नंतर तिने स्वतःला हजारदा विचारलं आणि हजारदा तिला ते सापडलं.

त्या खात्याला मुकादमाने नाव दिलं 'सच्चा'. सच्चाला घाम गाळणाऱ्या माणसाचा चेहरा होता. लोकांना तो आवडला. बाकीचे चेहरे मेले, सच्चा जगला. धाकट्याला यातलं काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. बोअरच्या भुकटीत चांगला फोन महिनाभर टिकत नाही, म्हणून तो बटणांचं जुनं डबडं वापरायचा.

उन्हाळा लागला आणि शेडला इथल्याच निवडणुकीचं काम मिळालं. आता परदेश नाही. पूल, नदी, अलीकडचं गाव, पलीकडचं गाव. साहेबाच्या पुढाऱ्याला अलीकडची मतं एकगठ्ठा हवी होती, आणि माणसं एक व्हायची तर समोर कोणीतरी लागतं. म्हणून ठरलं की रोग पलीकडून आला. पलीकडच्यांनी मुद्दाम आजारी कोंबड्या पुलावरून सोडल्या. असं कोणी पाहिलं नव्हतं. पण ज्यांनी पोती ओढली होती त्यांना कोणावर तरी राग काढायचा होता, आणि खरं सांगायचं तर त्या बायकांनाही तो काढायचा होता.

"हे सच्चाने बोलायला पाहिजे," मुकादम सुनेला म्हणाला. "जुनं खातं आहे. लोक ऐकतात त्याचं."

"दुसरा चेहरा लावू का? हा इथलाच आहे."

"कुठे असतो तो?"

"लांब. बोअरच्या गाडीवर."

"मग झालं की. चालत्या खात्याचा चेहरा बदलला की मर्तुक. लिही. शहरातून मजकूर आलाय तो मिळमिळीत आहे. तुझ्या मनाने लिही, झोंबलं पाहिजे."

सुनेने मनगटावरच्या डागाकडे पाहिलं. तिला खड्डा आठवला, हलणारी पोती आठवली. तिने लिहिलं, 'आमच्या कोंबड्या पुरल्या, आता ज्यांनी रोग आणला त्यांनाही त्याच खड्ड्यात चुना टाकून पुरा.' लिहिताना तिला बरं वाटलं. हे सांगायला हवं, की तिला बरं वाटलं.

मुकादमाने ते मोठ्याने वाचलं. "वा! एवढं डोकं आहे तर अंडी का गोळा करत होतीस?" सगळ्या रांगांतून अंगठे पडले. काकूच्या मेलेल्या बापानेही अंगठा दिला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य अलीकडच्या प्रत्येक फोनवर होतं, आणि अर्थात पलीकडच्याही.

त्यानंतर सच्चा रोज बोलू लागला. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "आज सच्चा काय म्हणाला?" सासूला फोनवरची अक्षरं लागत नव्हती, पण शेजारणीने तिला फोटो दाखवला. ती घरी येऊन सुनेला म्हणाली, "अगं, आपल्या धाकट्यासारखा दिसणारा कोणी आहे म्हणे."

"भुकटीत सगळे सारखेच दिसतात," सून म्हणाली आणि चुलीत फुंकर मारत राहिली.

मतदानाला थोडे दिवस उरले होते, बाहेरगावी कामाला गेलेले लोक मत द्यायला परतू लागले होते. दुपारची वेळ, बाहेर हवा हलत नव्हती, थोरला शेडमागे जनरेटरमध्ये डिझेल ओतत होता. आता त्याला तेच काम होतं. मुकादम धावत आत आला, त्याच्या हातात स्वतःचा फोन होता आणि चेहरा उजळला होता.

"नवीन व्हिडिओ आलाय. सगळं सोडा. हाच पसरवायचा, सगळ्या रांगांतून."

शेडमधले फोन मुके ठेवायचे असा नियम होता, नाहीतर आवाजाने वेड लागलं असतं. म्हणून सुनेने जे पाहिलं ते आवाजाशिवाय पाहिलं. पुलापलीकडची चहाची टपरी. मोटरसायकल. भुकटीने पांढरा झालेला एक माणूस, हातात ग्लास. दुसरा माणूस त्याच्या तोंडासमोर फोन धरतो. मग खूप माणसं. पांढऱ्या माणसाचं तोंड उघडं होतं, तो ओरडत होता, मान हलवत होता, हात नाचवत होता, अक्षरं काढल्यासारखा हवेत बोट फिरवून नाही नाही म्हणत होता. गर्दीतून जोडीदार पुढे आला. त्याने दोन्ही हात आडवे धरले. कोणीतरी त्याला फोन दाखवला. त्याने फोनकडे पाहिलं, पांढऱ्या माणसाकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. मग मोटरसायकलला अडकवलेली आपली पिशवी काढून घेतली आणि चित्राबाहेर निघून गेला.

पहिला फटका जबड्यावर बसला. रोग परत येऊ नये म्हणून पुलाच्या तोंडाशी चुन्याच्या गोण्या ठेवलेल्या असायच्या. त्यातली एक कोणीतरी ओढत आणली.

हे सगळं सुनेच्या रांगेतल्या प्रत्येक फोनवर एकदम चालू होतं. वरच्या खणात सच्चा हसत होता. खालच्या खणात त्याच्या तोंडात चुना कोंबत होते.

"खरा निघाला की हो आपला सच्चा!" मुकादम म्हणत होता. "हुबेहूब तोच! आता बघा मतं."

"तो माझा दीर आहे," सून म्हणाली.

बायकांचे अंगठे थांबले. पंखे तेवढे चालू होते.

"नक्की?"

"फाटक उघडा."

मुकादमाने फाटकाकडे पाहिलं. तो वाईट माणूस होता असं नाही. त्याने याच बायकांना आजारपणात सुट्ट्या दिल्या होत्या. पण साहेबाचा फोन दर दहा मिनिटांनी येत होता. "पाळी संपल्याशिवाय फाटक उघडत नाही, तुला माहीत आहे," तो म्हणाला. "थोरल्याला पाठवतो मी. तू जाऊन काय करणार? पसरव. जेवढं पसरेल तेवढा त्यांच्यावर पोलिसांचा दाब येईल. तुझ्या दिराचंच भलं आहे."

तिने ते खरं मानलं. माणसाला त्या वेळी काहीतरी खरं मानावं लागतं. पाळी संपेपर्यंत ती आपल्या दिराला मार बसताना पाहत राहिली आणि अंगठे देत राहिली.

थोरल्याने त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलं. शहरातल्या दवाखान्यात जबडा तारांनी बांधला. तोंडातली कातडी आणि घसा चुन्याने भाजला होता. डॉक्टर तरुण होता, त्याने खाली बघत सांगितलं, "आवाज येईल असं वाटत नाही."

"म्हणजे कधी येईल?" सासूने विचारलं.

डॉक्टरने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने आईचा हात धरून तिला बाहेर नेलं.

धाकटा घरी आला. ओसरीवर त्याची खाट टाकली. दूध, भाताचं पाणी, सगळं नळीने. सून नळी धरायची. तो तिच्याकडे बघायचा, आणि त्याच्या डोळ्यांत एकच प्रश्न असायचा: का? तो तिलाच विचारत होता, कारण लहानपणापासून काही कळलं नाही की तो तिलाच विचारायचा. घशातून हवा बाहेर यायची, पंक्चर झालेल्या चाकासारखी. पूर्वी वळणावरून ज्याचा आवाज यायचा तो माणूस आता पाणी हवं असलं की खाटेच्या लाकडावर बोटाने वाजवायचा. सासू ते वाजवणं ऐकून स्वयंपाकघरात जाऊन रडायची आणि डोळे पुसून बाहेर यायची.

सुनेने मुकादमाला सांगितलं, "ते खातं बंद करा."

"सच्चाला मारू? आत्ता?" मुकादमाला खरोखर आश्चर्य वाटलं. "आत्ता तर कुठे तो जिवंत झालाय. लोक त्याच्यासाठी रडतायत. आणि बंद केलं तर लोक म्हणतील, खोटं होतं. मग तुझ्या दिराने मार कशासाठी खाल्ला? फुकट?"

त्या दिवशी सच्चाने लिहिलं, 'त्यांनी माझं तोंड बंद केलं, पण मी बोलणारच.' तिनेच लिहिलं.

अलीकडचा पुढारी निवडून आला, तोही मोठ्या फरकाने. निकालानंतर तो गाड्यांचा ताफा घेऊन घरी आला. ओसरी माणसांनी भरून गेली. पुढारी खाटेच्या कडेला बसला, धाकट्याचा हात हातात घेतला, कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाला, "या माणसाच्या शब्दांनी ही निवडणूक जिंकली." धाकटा आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होता. त्याने मान हलवली. नाही. पुन्हा हलवली. लोकांना वाटलं, नम्रपणा आहे.

"बोलका आधीपासूनच," सासू म्हणाली. "लहानपणी पण कोणाचं ऐकून घ्यायचा नाही."

थोरल्याने चमकून आईकडे पाहिलं. पोराला धड सही येत नाही, हे तिला सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. पण पुढाऱ्याने आताच सांगितलं होतं की धाकट्याला शेडवर कायमचं काम मिळेल, बसून करायचं. मुक्या पोराचं पुढे काय, हा प्रश्न तिला जाळत होता. ज्याने उत्तर आणून दिलं त्याचं खोटं तिने पदरात घेतलं.

पुढाऱ्याच्या माणसाने एक नवाकोरा फोन धाकट्याच्या मांडीवर ठेवला. "बघा साहेब, किती लोक वाचतात तुम्हाला."

धाकट्याने पहिल्यांदाच सच्चा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग चेहऱ्याच्या बाजूला, खांद्यावर त्याची नजर थांबली. कापताना तिथे थोरल्याची बोटं राहून गेली होती. मधलं बोट अर्धं.

त्याने मान वर केली आणि भावाच्या हाताकडे पाहिलं. थोरल्याने तो हात पाठीमागे घेतला आणि बायकोकडे पाहिलं. घरात मघापासून टाळ्या चालू होत्या, त्या चालूच राहिल्या. धाकटा आता खालची अक्षरं वाचत होता, लहान मुलासारखं शब्दाखाली बोट सरकवत. खड्ड्यात. चुना. टाकून. पुरा. त्याचं बोट तिथे थांबलं. मग त्याने सुनेच्या मनगटावरच्या पांढऱ्या डागाकडे पाहिलं.

लोक गेल्यावर ती त्याच्या पायाशी बसली. "भावजी, चेहरा मी लावला. वाक्यही माझंच आहे. मला वाटलं, तू लांब आहेस. मला तुझी आठवण यायची." शेवटचं वाक्य तिला स्वतःलाच किळसवाणं वाटलं. "मार मला. काहीतरी कर."

तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

आतून सासू आली. तिने सुनेचा दंड धरून उठवलं. "बोललीस, झालं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आता पुन्हा कोणापुढे बोललीस तर या घरात राहायचं नाही. माझ्या पोराला एवढंच उरलंय."

जबड्याच्या तारा निघाल्यावर धाकटा शेडवर यायला लागला. गाल आत गेले होते, तोंड एका बाजूला ओढलं होतं. मुकादमाने त्याला सुनेच्या रांगेतच खुर्ची दिली. "आपला फोन आपण सांभाळा," म्हणाला. बायकांनी पहिल्या दिवशी माना खाली घातल्या. काकूने घरून त्याच्यासाठी उशी आणली, खुर्चीचा लोखंडी कणा पाठीला टोचू नये म्हणून. नंतर सगळ्यांना सवय झाली.

त्याला लिहायला जमेना. अक्षरं येत नव्हती हे एक, आणि दुसरं म्हणजे फोनला त्याचा अंगठा कळायचाच नाही. वर्षानुवर्षं लोखंडी रॉड धरून कातडी इतकी निबर झालेली, की काच त्याला माणूस मानत नव्हती. तो दाबायचा, काही उमटायचं नाही. पुन्हा दाबायचा. बायका तोंड फिरवायच्या. सुनेने एकदा हात पुढे केला, "दे, मी लिहिते," तर त्याने फोन छातीशी धरला. मग तो घरी दगडावर अंगठा घासायला लागला. रोज, पाणी लावून, चाकू घासावा तसा. घट्टा निघाला, खालून गुलाबी मऊ कातडी आली. सुनेला वाटलं, खातं स्वतःच्या हाताने बंद करायचं असेल. तिला आतून हायसं वाटलं. तिने त्याला विसरलेली अक्षरं पुन्हा दाखवली, कुठली कुठे आहेत ते. तो शांतपणे शिकला. एकदा तर त्याने तिच्या दंडाला हलकेच धक्का दिला, पूर्वी चेष्टेत द्यायचा तसा. त्या दिवशी ती घरी जाताना रस्ताभर हसत होती. थोरल्याने विचारलं, "काय झालं?" "काही नाही," ती म्हणाली. "भावजी बरा होतोय."

पुढच्या निवडणुकीचं काम आलं, या वेळी नदीकाठच्या सगळ्या गावांचं. पुढारी तोच, गोष्ट तीच. मुकादमाने सकाळी मर्तुक विचारली, हौदात औषध ओतलं, फाटक लावलं. धाकटा आपल्या खुर्चीत बसला आणि लिहायला लागला. खूप वेळ लिहीत होता. कपाळावर घाम आला होता, जीभ दातांत धरली होती, पाटीवर गिरवताना धरायचा तशीच.

सच्चाचं नवीन वाक्य सगळ्या रांगांतल्या फोनवर एकदम उमटलं. सुनेने वाचलं.

'रोग ज्याच्या घरातून आला तो मला माहीत आहे. पुलापासून तिसरं घर. निळं दार. मागच्या दाराची कडी लागत नाही.'

तिने दोनदा वाचलं. तिला निळा रंग दिसला, शेळी दिसली, झोपेत तिच्यावर हात फिरवणारा म्हातारा दिसला.

"भावजी, पुसून टाक," ती पुटपुटली. "त्यांच्या घरात लहान पोरं आहेत. तू जेवलायस त्या घरात. पुसून टाक, तुझ्या पाया पडते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने इतके दिवस त्याच्या डोळ्यांत पाहिलेला प्रश्न आता तिथे नव्हता.

"सच्चाचं आलंय!" मुकादम ओरडला. "स्वतः लिहिलंय आज! अंगठे द्या, चला, हात चालवा!"

काकूचा बाप, कोणाची बहीण, कोणाचा मुलगा, एकामागोमाग एक अंगठे पडायला लागले. काकू लिहिलेलं वाचतही नव्हती, ती वायरी सोडवत अंगठे देत होती. सुनेच्या रांगेतले फोन तेवढे तसेच होते. तिने हात पाठीमागे धरले होते. ते मुकादमाने पाहिलं आणि "काय झालं तिकडे?" असं विचारत तो त्यांच्याकडे यायला लागला.

धाकट्याने तिचा उजवा हात पुढे ओढला. रागाने नाही. तिची मूठ त्याने आपल्या मुठीत धरली, त्यातला अंगठा मोकळा केला, आणि तिच्या आईचा चेहरा असलेल्या फोनच्या काचेवर नेऊन नीट, हळूच दाबला.

मग हात सोडून दिला. बाकीचे तिने स्वतः दिले.

संध्याकाळी पाळी सुटली. बायका हौदापाशी आपापल्या चपला शोधत होत्या तेव्हा फाटकासमोरून मोटरसायकली पुलाच्या दिशेने गेल्या, एकेकीवर तिघं तिघं बसलेले. धाकटा फाटकाला टेकून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत उभा होता. सून त्याच्या मागे उभी राहिली. ओरडायचं होतं तिला, पण कोणाला हाक मारायची ते सुचेना. थोड्या वेळाने त्याने मागे न बघताच फाटकाच्या लोखंडावर बोटाने दोनदा वाजवलं. त्याला पाणी हवं होतं. तिने जाऊन आणून दिलं.